जाब कुणी द्यायचा? रस्त्यावरचा आणि कागदावरचा स्त्रीवादी निषेध

१९७२ साल. राज्यात दुष्काळ, मुंबईत रेशनच्या दुकानांपुढे रांगा, तेल-साखर-रॉकेलचे भाव हाताबाहेर गेलेले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते या एरवी वेगवेगळ्या पक्षांच्या व्यासपीठांवर दिसणाऱ्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी महागाईच्या विरोधात संयुक्त महिला समिती काढली. मोर्चे निघाले. मोर्चाला येताना बायका घरून लाटणी आणि थाळ्या घेऊन आल्या. 'लाटणे मोर्चा' म्हटलं की जुन्या मुंबईकरांना अजून तो आवाज आठवतो.

पण लाटणंच का? महिनाअखेरीला डबा रिकामा झाला की घरात प्रश्न बाईला विचारला जातो. संपलं कसं? जरा जपून वापरता येत नाही? पगार तेवढाच, भाव चढलेले, तरी हिशेब तिनेच द्यायचा. तीच बाई स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन सरकारच्या दारात जाते आणि थाळी बडवायला लागते, तेव्हा हिशेब द्यायची पाळी मंत्र्यावर येते. तिला भाषण करावं लागत नाही, आकडेवारी मांडावी लागत नाही. कालपर्यंत जिला जाब द्यावा लागत होता, ती आज जाब विचारते आहे, एवढं सगळ्यांना दिसतं.

स्त्रीवादी परफॉर्मन्स आर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. काळा घोड्याची एखादी गारेगार गॅलरी, इंग्रजी माहितीपत्रक, मधोमध कुणीतरी बाई काहीतरी विचित्र करते आहे आणि भोवतीचे लोक गंभीर चेहऱ्याने मान डोलावताहेत. आपल्याला काही कळत नाही आणि कळलं नाही हे सांगायचीही चोरी. खरं तर हा प्रकार समजायला गॅलरीत जायची गरज नाही. लाटणे मोर्चा समजला तर निम्मं काम झालं. माझ्यापुरती कसोटी साधी आहे: हे केल्यानंतर जाब देणारा बदलला का? बदलला असेल तर ते जमलं. नसेल, तर कितीही धाडसी दिसो, बघणाऱ्याला धक्का बसला आणि तो घरी गेला, इतकंच.

आधी नाटक आणि हे यांतला फरक. नाटकात नटी दुसऱ्या कुणाची तरी भूमिका करते. तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, आणि शेवटच्या अंकात मेलेली नायिका कर्टन कॉलला हसत येऊन नमस्कार करते. परफॉर्मन्समध्ये करणारी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अंगानिशी उभी असते आणि जे घडतं ते खरोखर घडतं. १९६४ साली योको ओनो जपानमध्ये क्योटोला रंगमंचावर बसली, समोर कात्री ठेवली आणि प्रेक्षकांना सांगितलं, एकेकाने या आणि माझ्या कपड्यांचा तुकडा कापून घेऊन जा. ती नुसती बसून राहिली. कापणारे प्रेक्षक होते. कुणी बाहीचं टोक कापलं, कुणी पुढे गेलं. बाईचे कपडे या विषयावर नेहमी बाईला प्रश्न विचारले जातात, इथे मात्र ज्याच्या हातात कात्री होती त्याला स्वतःकडे बघावं लागलं. अर्थात, नाटक आणि परफॉर्मन्स यांच्यातली ही रेघ काही काळ्या दगडावरची नाही. आपल्याकडे तर ती फार पुसट आहे, कारण आपली पथनाट्यं, जलसे, भारुडं ही मुळातच बघणाऱ्याला बाजूला बसू देत नाहीत.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण त्यात लेखन आणि देह यांची सांगड फार नेमकी आहे. चिली देशातल्या वालपाराइसो शहरात चार जणींनी 'लास तेसिस' नावाचा गट काढला. स्त्रीवादी विचारवंतांनी जाडजूड पुस्तकांत जे मांडलं आहे ते ज्या बाया ती पुस्तकं कधीच उघडणार नाहीत त्यांच्यापर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. अर्जेंटिनाच्या मानववंशशास्त्रज्ञ रीता सेगातो यांनी बलात्काराबद्दल लिहिलं आहे की हा प्रकार वासनेचा कमी आणि सत्ता गाजवण्याचा जास्त. या विचारावरून त्यांनी काही मिनिटांचं एक सामूहिक गाणं बसवलं. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये, चिलीत सरकारविरोधी आंदोलन पेटलेलं असताना आणि पोलिसांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप होत असताना, ते रस्त्यावर सादर झालं. काही दिवसांत ते जगभरच्या चौकांत पोचलं.

त्यातल्या हालचाली बघा. बायका ओळीत उभ्या, डोळ्यांवर काळी पट्टी. एका जागी पाय आपटत तालात गाणं. मध्येच सगळ्या जणी दोन्ही हात डोक्यामागे घेऊन उकिडव्या बसतात आणि उठतात. न माहीत असणाऱ्याला वाटतं, ही नाचाची एक स्टेप असेल. पण ताब्यात घेतलेल्या बायकांना कपडे उतरवून याच पद्धतीने उठाबशा काढायला लावतात अशा तक्रारी चिलीच्या पोलिसांविरुद्ध होत्या. म्हणजे कोठडीत, कुणी बघत नसताना जे एकटीला करायला लावलं, ते शेकडो जणी भर चौकात, कपड्यांनिशी, पोलिसांच्या समोर करताहेत. गाण्याच्या मध्येच पोलीस दलाच्या स्वतःच्या गौरवगीतातल्या ओळी येतात, ज्यांत निरागस मुलीला निश्चिंत झोप म्हणून सांगितलेलं आहे. त्या ओळींची वेगळी टिंगल करावी लागत नाही, त्या जागी त्या आल्या की पुरे. माझी चूक नव्हती, मी कुठे होते आणि काय घातलं होतं याची तर नव्हतीच, असं म्हणून झाल्यावर सगळ्यांचे हात समोर जातात आणि बोट रोखलं जातं. बलात्कारी तू आहेस, हे वाक्य बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. त्या यादीत पोलीस, न्यायाधीश, सरकार आणि राष्ट्राध्यक्ष सगळे आहेत.

हे ऐकताना महाराष्ट्रातल्या माणसाला मथुरा आठवायला हवी. १९७२च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं आणि मुलीलाच शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हटलं. नागपूरला उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केलेला नाही, म्हणजे संमती असणार. चौकीत बंद असलेल्या पोरीने, बाहेर नातेवाईक उभे असताना, पोलिसांशी झटापट का केली नाही, हा जाब तिला विचारला गेला.

१९७९च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. न्यायालयाला पत्र लिहून, तेही जाहीरपणे, तुमचं चुकलं असं सांगायचं हा त्या काळात मोठाच प्रकार होता. पत्र म्हटलं तर कागद, पण कायद्याचे जाणकारच न्यायालयाला जाब विचारताहेत हे दृश्य त्या कागदाने उभं केलं. मुंबईत १९८०च्या सुरुवातीला बलात्कारविरोधी मंच तयार झाला, तोच पुढे नारी अत्याचार विरोधी मंच. ८ मार्च १९८०ला देशात ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालय तसंच गृहीत धरेल, उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. जाब देणारा बदलणं याचा इतका शब्दशः पुरावा क्वचितच मिळतो.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. पीडितेचं नाव छापायला बंदी आली. तिच्या संरक्षणासाठी ते योग्यच, पण त्यातून एक अडचण उभी राहते. गोष्ट तर सांगायची आहे, पण जिची आहे तिचं नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. सामूहिक परफॉर्मन्सला इथे काम मिळतं. पन्नास जणी 'मी' म्हणून उभ्या राहिल्या की त्यातली कोण खरी हे शोधायचा मार्गच बंद होतो. गोष्ट उघडी पडते आणि बाई झाकलेली राहते.

मुंबईत या सगळ्याच्या आसपास, १९७५ साली, स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली होती. तिच्या ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३मध्ये आलं. मुलगी जन्मल्याच्या बातमीवर घरात उमटणारा सुस्कारा, तिथपासून हुंड्यापर्यंतचा प्रवास. यात काम करणाऱ्या बायका धंदेवाईक नट्या नव्हत्या, संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या. नेपथ्य जवळजवळ नाहीच, त्यामुळे प्रयोग वस्तीत, शाळेत, चाळीच्या चौकात, कुठेही लावता येई. हजारो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. नाट्यसमीक्षकांना यात संहितेची खोली कमी वाटली तर मी भांडणार नाही, पण समीक्षकाला बसायला खुर्चीच नव्हती अशा जागी हे प्रयोग होत होते. आपलीच शेजारीण, भाजीच्या रांगेतली, समोर उभी राहून आपल्याच घरातलं बोलते आहे, हे बघताना सासूबाई आणि सून एकाच सतरंजीवर बसलेल्या असणं यात त्याचं बळ होतं.

१९८९पासून सुषमा देशपांडे एकट्याने 'व्हय, मी सावित्रीबाई' करू लागल्या. एक बाई, एक नेसतं लुगडं आणि सावित्रीबाईंच्या तोंडून थेट प्रेक्षकांशी बोलणं. तंत्र वेगळं, पण इथेही बघणाऱ्याला अंधारात लपून बसता येत नाही.

आता कागदाकडे. निषेधाचं लेखन म्हणजे कडक भाषेतलं लेखन असा समज आहे. भाषेचा कडकपणा ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. कोण लिहितं आहे आणि लिहिल्यामुळे तिला काय भोगावं लागू शकतं, यावर लेखनाचं वजन ठरतं. त्या अर्थाने तेही अंगावर घेऊन करायचं कामच आहे.

मुंबईच्या रखमाबाईंचं बघा. अकराव्या वर्षी लग्न लागलं, त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. १८८४मध्ये नवरा दादाजी भिकाजी याने बायको नांदायला येत नाही म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. कायद्याच्या नजरेत प्रश्न सरळ होता: बायको आहेस, जात का नाहीस? पहिल्यांदा न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जिच्या संमतीशिवाय बालपणी लग्न लागलं तिला बळजबरीने पाठवणं त्यांना पटलं नाही. त्यावरून गदारोळ झाला. 'केसरी'ने धर्म बुडाल्याचा सूर लावला, अपील झालं, आणि १८८७मध्ये निकाल उलटला: महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

त्याआधी, १८८५च्या जूनपासून, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं येऊ लागली होती. ती रखमाबाईंचीच. म्हणजे न्यायालयात त्या प्रतिवादी होत्या, प्रश्न त्यांना विचारले जात होते, आणि त्याच वेळी वर्तमानपत्रात त्या समाजाला प्रश्न विचारत होत्या की अकरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावलंत कुणी? तुरुंगाची तयारी आणि पत्रं ही एकत्र वाचली पाहिजेत. नुसती पत्रं असती तर सुधारकी विचार म्हणून वाचली गेली असती. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यामागच्या चर्चेत त्यांचा खटला सतत येत राहिला. जाता जाता: 'नांदायला ये' असा दावा लावायची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९मध्ये आजही आहे. तुरुंग मात्र आता नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं, तेही एका खटल्यावरूनच. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, जी पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रं बायकांच्या बदफैलीपणावर तुटून पडली होती. ताराबाईंनी दुर्गुणांची तीच यादी घेतली आणि एकेक दुर्गुण पुरुषांत आहे की नाही ते तपासलं. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. नंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही जवळजवळ विसरलं गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत.

शंभर वर्षांनी मुंबईतच मलिका अमरशेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं, १९८४मध्ये. शाहीर अमर शेख यांची मुलगी, नामदेव ढसाळ यांची पत्नी, स्वतः कवयित्री. त्यांचा जाब कुणा सनातन्याला नव्हता. क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्या घरात संसार कसा चालतो, हे त्यांनी लिहिलं. चळवळीतल्या पुष्कळ लोकांना ते आवडलं नाही. बाहेरच्या शत्रूविरुद्ध लिहिलं की टाळ्या पडतात, आपल्या माणसांबद्दल लिहिलं की 'ही वेळ नव्हे' असं ऐकावं लागतं. स्त्रीवादी लेखनाने कधीच योग्य वेळेची वाट बघितलेली नाही, आणि ते बरंच झालं.

लिहिण्याची किंमत आजही द्यावी लागते. २०१८मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी एम. जे. अकबर यांच्यावर जाहीरपणे लैंगिक छळाचा आरोप केला, तेव्हा अकबर केंद्रात मंत्री होते. त्यांना पद सोडावं लागलं, पण बदनामीच्या फौजदारी खटल्यात आरोपी म्हणून उभ्या राहिल्या त्या रमाणी. १७ फेब्रुवारी २०२१ला दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि म्हटलं की बाईला आपली तक्रार तिला हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक दशकांनंतरही, मांडायचा हक्क आहे.

म्हणजे गॅलरीतल्या कामाला काही अर्थच नाही का? तसं नाही. एक काम मला महत्त्वाचं वाटतं. रुम्माना हुसेन या मुंबईतल्या चित्रकार. बाबरी मशीद पडली, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईत दंगली झाल्या, आणि मुसलमान असणं हा ज्यांच्या रोजच्या जगण्याचा ठळक भाग नव्हता त्यांनाही शहराने ते दाखवून दिलं. हुसेन यांनी चित्राची चौकट बाजूला ठेवली. १९९५मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात त्या पायांत घुंगरू बांधून चालल्या. हातात मधोमध चिरलेली पपई. तोंड किंकाळी फोडताना असतं तसं सताड उघडं, पण आवाज नाही. ऐकू येत होते फक्त घुंगरू.

यातलं काय काय लागतं? चिरलेली पपई बघितली की आतल्या काळ्या बियांमुळे आणि आकारामुळे बाईचं गर्भाशय आठवतं, जखमही आठवते. घुंगरू म्हणजे नाचणारी, दुसऱ्यांच्या करमणुकीची बाई. आणि आवाज नसलेली किंकाळी. दंगलीत बायकांच्या अंगावर जे झालं त्याचा जबाब कुठल्या चौकीत, कुठल्या शब्दांत द्यायचा, हा प्रश्न ती किंकाळी तशीच उघडी ठेवते. इथे बोट कुणाकडे रोखलेलं नाही. बघणारा मात्र अस्वस्थ होतो, कारण समोरची बाई ओरडते आहे आणि त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू न येणं हे आपलंच तर नाही ना, अशी शंका येते. हुसेन १९९९मध्ये कर्करोगाने गेल्या, पन्नाशीही गाठली नाही.

अडचण एवढीच की एनसीपीएच्या आवारात त्या दिवशी कोण होतं? ज्यांना आधीच वाईट वाटत होतं तेच बहुतेक. शिल्पा गुप्ता यांनी पुढे २००२च्या सुमारास वेगळा मार्ग घेतला. नकली रक्ताच्या लहान बाटल्या घेऊन त्या मुंबईच्या लोकलमध्ये फिरल्या. बाटलीवरच्या मजकुराचा आशय असा, की तुम्हाला दोष दिला की मला बरं वाटतं, म्हणून ज्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत त्यांचा दोष मी तुम्हाला देते, तुमचा धर्म, तुमचं राष्ट्रीयत्व. कानातली आणि रुमाल विकणाऱ्यांच्या जगात ही एक फेरीवाली. गॅलरीत माणूस कला बघायला तयार होऊन येतो, लोकलमध्ये तो तयार नसतो. या डब्यात हे काय चाललंय असं ज्याला वाटलं, त्याच्यापर्यंत काम पोचलं.

देह, लेखन आणि निषेध यांचा सगळ्यात जळजळीत दुवा मात्र मुंबईबाहेरचा आहे. महाश्वेता देवींची 'द्रौपदी' ही १९७०च्या दशकातली बंगाली कथा: कोठडीत अत्याचार झालेली आदिवासी द्रौपदी मेझेन कपडे घालायला नकार देते आणि तशीच सेनानायकासमोर जाऊन उभी राहते. तो घाबरतो. २०००मध्ये मणिपूरमध्ये कन्हायलाल यांच्या दिग्दर्शनाखाली सावित्री हेस्नाम यांनी ते मंचावर केलं, तेव्हा खूप टीका झाली. १५ जुलै २००४ला, आसाम रायफल्स या निमलष्करी दलाने ताब्यात घेतलेल्या थांगजाम मनोरमाच्या हत्येनंतर, इम्फाळच्या कांगला किल्ल्यातल्या आसाम रायफल्सच्या दारात बारा प्रौढ स्त्रिया निर्वस्त्र होऊन उभ्या राहिल्या. नाटकाचा आणि या कृतीचा थेट धागा जोडायची गरज नाही. पण चार वर्षांपूर्वी मंचावर जे अशोभनीय ठरलं होतं ते रस्त्यावर आलं, तेव्हा शोभेचा प्रश्न बायकांना विचारायची हिंमत फारशी कुणाला झाली नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने कांगला सोडला.

दर वेळी इतकं टोकाला जावं लागत नाही. काहीच न करणं हाही निषेध होऊ शकतो. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी शहरातल्या बायकांच्या वावराचा अभ्यास केला आणि २०११मध्ये त्यावर पुस्तक आलं. निरीक्षण असं की मुंबईत बाई रस्त्यावर दिसते ती कामाला निघालेली. हातात पिशवी, कानाला फोन, पावलांत घाई. पुरुष टपरीवर, कट्ट्यावर, नाक्यावर विनाकारण उभा राहू शकतो आणि त्याला कुणी विचारत नाही. बाईला कारण लागतं. मग काही तरुणींनी ठरवून रात्री भटकायला, टपरीवर चहा घेऊन रेंगाळायला, बागेत पडून राहायला सुरुवात केली. घोषणा नाही, फलक नाही. एकदा करून बघा: रात्री साडेदहाला नाक्यावर, फोन खिशात ठेवून, कुणाचीही वाट न बघता पंधरा मिनिटं उभ्या राहा. 'काय हो, कुणाला शोधताय?' असं विचारणारा कुणीतरी येतोच. तुमचं कारण काय, असं त्याला उलट विचारलं की परफॉर्मन्स पुरा झाला. या अभ्यासातली मला पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी सुरक्षितता मागितली नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना घरात बसवतात आणि गरीब, मुसलमान पोरांना नाक्यावरून हुसकावतात. त्यांनी धोका पत्करायचा हक्क मागितला.

मोर्चाचं मात्र आता अवघड झालं आहे. एके काळी मोर्चे काळा घोड्यापर्यंत, मंत्रालयाच्या हाकेच्या अंतरावर जात. आता परवानगी मिळते ती आझाद मैदानात बसायची, आणि पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमू नयेत असा पोलिसांचा आदेश शहरात अधूनमधून चालूच असतो. मैदानाच्या कोपऱ्यात कितीही थाळ्या बडवल्या तरी जाब द्यायचा तो माणूस ऐकण्याच्या टप्प्यात नसतो. २६ जानेवारी २०२०च्या रात्री नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका नागरिकत्व कायद्याच्या विरोधात धरणं धरून बसल्या, 'मुंबई बाग', ते मैदान सोडून वस्तीच्या रस्त्यावरच, आणि करोना येईपर्यंत बसून राहिल्या. त्यांना उठवण्यासाठी सतत जे दडपण येत होतं, त्यावरून जागेची निवड बरोबर होती असं म्हणावं लागेल.

आणि जुन्या सवयींकडेही बघायला हवं. अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर द्यायची आपल्याकडे फार हौस. फोटो छान येतो. पण त्याचा अर्थ काय, तर तू बाईसारखा दुबळा आहेस. लाटणं घेऊन आलेली बाई स्वतःच्या कामाची ताकद दाखवत होती, बांगड्या देणारी स्वतःच्याच मनगटाला शिवी देते. दोन्ही घरातल्याच वस्तू, पण त्यांतली एक चालते आणि दुसरी अजिबात चालत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न मुंबईने २००५मध्ये विचारला. राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली. बारबालांची संख्या तेव्हा ७५ हजार सांगितली जाई. त्यांची संघटना होती, वर्षा काळे तिच्या पुढे होत्या, आणि ज्यांचं पोट अंगावर नजरा घेण्यावर चालत होतं त्या बायका चेहरे ओढणीने झाकून निदर्शनांना आल्या. ओळख पटली तर खोलीचा मालक काढेल, गावी कळेल. नाचताना उघडा चेहरा आणि हक्क मागताना झाकलेला, यात शहराचं सगळं ढोंग उघडं पडलं होतं.

पण स्त्री चळवळ एकमुखाने त्यांच्या मागे उभी राहिली नाही. काही संघटना म्हणाल्या, रोजगार आहे, नैतिकतेच्या नावाखाली सरकारने तो काढून घेऊ नये. अनेक दलित स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी बंदीला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं होतं, बारमध्ये नाचणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या नाचायला लावलेल्या जातींच्या किती जणी आहेत ते बघा. तमाशा, लावणी, कोल्हाटणीचा फड, सगळीकडे नाचली ती कुणाची मुलगी आणि पैसे उधळले ते कुणी? देहाचं प्रदर्शन करून निषेध करणं ही ज्या बाईचा देह आधी पडद्याआड होता तिच्यासाठी मुक्ती असेल. ज्या जातीचा देह कायमच बाजारात उभा होता तिच्यासाठी अंगभर पदर घेणं हाही निषेध असू शकतो. १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांना लुगडं इतरांसारखं घोट्यापर्यंत नेसायला सांगितलं आणि त्या तसं नेसल्या, तेही एका अर्थाने परफॉर्मन्सच होतं, आणि त्यात अंग झाकणं हेच बंड होतं.

मी स्वतः बंदीच्या विरोधात होते आणि आहे. उच्च न्यायालयाने २००६मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तो निकाल कायम ठेवला, सरकारने पुन्हा कायदे केले, २०१९मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयाने काढल्या. पण दलित स्त्रीवाद्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न कुठल्याच निकालात नाही, कारण तो न्यायालयाला विचारलेलाच नव्हता. तो आमच्यासारख्या, चळवळीतल्या सवर्ण बायकांना विचारला होता, आणि त्याचा जाब आम्ही अजून नीट दिलेला नाही.